तीन पडदे आणि नीलम्मा

भवानी पेठेत राजश्रीताईंचं टॉवेल-चादरींची डिझाइनं काढून देणारं सेंटर आहे. तिथं खिडकीजवळच्या टेबलाशी भीमाशंकर मास्तर सदतीस वर्षं बसत होते, आणि या सदतीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला, यंत्राला किंवा चहाला चांगलं म्हटलेलं नव्हतं. एकदा त्यांनी टॉवेलवर मोर काढला, तोही इतकं नाक मुरडून, की तो मोर गिऱ्हाइकाकडं पाठ फिरवून बसला. गिऱ्हाइकानं टॉवेल उलटून बघितला, तर मोर तिकडूनही पाठमोराच! हे खोटं वाटत असेल तर तो टॉवेल अजून नातेपुत्यात एका घरी आहे. घरातलं कुणी त्याला तोंड पुसत नाही, अपमान होतो म्हणून.

मास्तरांचं मूळ काम कार्ड टोचण्याचं. मागावर कुठला धागा उचलायचा नि कुठला खाली ठेवायचा हे पुठ्ठ्याच्या लांब कार्डावरची भोकं सांगतात. ती भोकं पाडायचं यंत्र पेटीसारखं असतं, बोटांखाली कळा नि पायाखाली पट्टी. मास्तर त्यावर असे बोटं चालवायचे की रस्त्यावरचे लोक थांबून विचारायचे, कुणाचं भजन चाललंय? पुढं काँप्युटर आला. मास्तर तेही शिकले, पण काँप्युटरवर उपकार केल्यासारखे.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला सेंटरातल्या चार मशिनांवरची विंडोज म्हातारी झाली. तिची देखभाल कंपनीनं थांबवली, आणि नवी विंडोज त्या जुन्या मशिनांवर चढेना. मशिनं तर धडधाकट. राजश्रीताई हिशेबी बाई. म्हणाल्या, लिनक्स टाका. डिझाइनचा प्रोग्राम त्याच्यावरही चालतो.

लिनक्स टाकलं आणि सेंटरात भांडण आलं. कारण लिनक्सचं आतलं इंजिन एक असलं, तरी पडद्यावर दिसणारी मांडणी ज्याला हवी ती निराळी बसवता येते. एकाच जोत्यावर कुणी मठ बांधावा, कुणी मंगल कार्यालय. सेंटरात माणसं तीन, म्हणून मांडण्याही तीन झाल्या.

पहिला सोमेश. शुक्रवार पेठेतला इंजिनिअर, पुण्यात आठ महिने नोकरी करून परत आलेला. त्या आठ महिन्यांत त्यानं हळू बोलायला शिकून घेतलं होतं. त्यानं ग्नोम नावाची मांडणी बसवली. वर एक काळी पट्टी, पट्टीच्या मध्यावर वेळ, आणि खाली सगळा पडदा रिकामा.

"सामान कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"कोपऱ्यात माऊस नेला की येतं, काका. समोर काही ठेवायचंच नाही. लक्ष विचलित होतं."

"आन् खिडकी खाली ठेवायचं बटन?"

"ते काढलंय. लागत नाही. खिडकी खाली कशाला ठेवायची? पलीकडच्या पडद्यावर सरकवा की."

"कुणी काढलं?"

"ज्यांनी बनवलं त्यांनी. पुष्कळ विचार करून."

"माझ्या सासऱ्यानं बी असाच विचार करून लग्नात जेवणच काढून टाकलं होतं," मास्तर म्हणाले. "लोकांचं लक्ष विचलित व्हतं म्हणून."

त्या दिवसापासून मास्तर येईल त्याला सांगायला लागले, की एका कचेरीत हीच मांडणी बसवली, तिथला कारकून काम सुरू व्हायची वाट बघत पडद्यापुढं बसला तो बसलाच, आणि तसाच निवृत्त झाला. निरोप समारंभात साहेब म्हणाले, असा एकाग्र माणूस पाहिला नाही.

दुसरा उदयसिंह. अंगानं आडवा, बोलण्यात मोकळा. त्यानं केडीई प्लाझ्मा बसवलं. त्याचं तत्त्व सोमेशच्या बरोबर उलटं: जे जे असू शकतं ते ते असावं, आणि ते कुठं असावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पट्टी खाली हवी? घ्या. वर हवी? घ्या. दोन हव्यात? एक उभी, एक आडवी घ्या. खिडकी धरून ओढली की ती खरवसासारखी थुलथुलायची.

"हे कशाला?" मास्तर.

"नको असलं तर बंद करता येतं की, काका!"

"मग बंदच का न्हाय केलं?"

"पण कुणाला पाहिजे असलं तर?"

"उदयसिंगराव, तुमी मुंज लावायला चालला आन् घोडा, बँड, वाजंत्री, डोंबारी, सगळं घेऊन निघाला. फक्त पोरगं घरी विसरलं."

एका सोमवारी उदयसिंह घड्याळाचा रंग बदलायला म्हणून सेटिंगांत शिरला. आत एक यादी, यादीत दुसरी यादी, तिच्यात तिसरी. सेंटरातले लोक सांगतात, की तो बाहेर आला तेव्हा गुरुवार होता, त्याचा शर्ट ढिला झाला होता, आणि घड्याळाचा रंग पहिल्यासारखाच होता. घड्याळाची सावली मात्र नवी पडत होती.

तिसरे स्वतः मास्तर. त्यांना या दोघांचीही मांडणी नको होती, पण स्वतःची कुठली हवी हे ठाऊक नव्हतं. सोमेशनं एकदा त्यांची थट्टा करावी म्हणून दाखवलं, "हे बघा काका, आय-थ्री. असंही एक असतं. यात माऊससुद्धा लागत नाही. डोकं फिरलेल्या लोकांसाठी आहे."

मास्तरांनी बघितलं. काळा मिट्ट पडदा. एक खिडकी उघडली, तिनं पडदा व्यापला. दुसरी उघडली, दोघींनी अर्धा-अर्धा वाटून घेतला. एकीवर एक चढणं नाही, थुलथुलणं नाही. चादरीतल्या चौकटींसारख्या शेजारी शेजारी. आणि सगळं कळांवर. एक खास कळ दाबून धरायची आणि बरोबर आकडा मारायचा. मास्तरांच्या बोटांना टोचायचं यंत्र आठवलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एक गोष्ट आवडली होती, आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी समोरच्या टपरीवाल्या बसूच्या चहाला दोनदा नावं ठेवली.

आठ दिवसांत त्यांनी आपल्या मशिनवर आठ आकडे बसवले. एकला डिझाइनं उघडायची, तीनला डिझाइनचा चौकटींचा आलेख मोठा, पाचला पेनड्राइव्हवर भरायचं, असं करत आठला मशिन बंद. मध्ये विचारणं नाही, खातरी करून घेणं नाही. "मशिननं माणसाला 'नक्की का' म्हणून विचारायचं म्हणजे काय?" ते म्हणायचे. "ते काय आपली बायको हाय?"

"पण हे दुसऱ्या कुणाला कसं येणार, काका?" सोमेशनं विचारलं.

"शिकंल. न शिकता येतं ते काम न्हवं, ती पंगत. बसा आन् जेवा."

महिनाभर हे चाललं. एका मशिनवरचा माणूस दुसऱ्यावर बसू शकेना. सोमेश मास्तरांच्या मशिनवर बसला की आंधळा, मास्तर उदयसिंहाच्या मशिनवर बसले की खवळलेले. तशात नातेपुत्याहून रामहरीअण्णांच्या घरच्या लग्नाची ऑर्डर आली. आहेराचे टॉवेल. पाव्हण्यांना टोपी-टॉवेल दिल्याशिवाय त्या घरचं लग्न लागत नाही, आणि टॉवेलाच्या काठाला त्यांना कोयरी नको होती, मोर पाहिजे होता.

राजश्रीताईंनी तिघांना समोर उभं केलं.

"चारही मशिनांवर एकच मांडणी राहील," त्या म्हणाल्या. "कुठली ते शुक्रवारी ठरेल. ज्याची ठरेल तो चारही मशिनं सांभाळेल. मला दोन माणसं पुरतात, तिसऱ्याला काम नाही. आणि मास्तर, तुम्हाला वाईट वाटू देऊ नका, ही दोघं मागाकडचंही बघतात. तुमची मांडणी ठरली नाही तर तुम्ही आता घरी आराम करा."

आराम! घरी सूनबाई प्रतिक्षानं त्यांच्या आरामाची तयारी कधीच करून ठेवली होती: सकाळी दळणाचा डबा, दुपारी गॅसवाल्याची वाट बघणं, संध्याकाळी सोसायटीच्या टाकीत पाणी किती चढलं ते बघून येणं. साऱ्या जगाला नावं ठेवलेला माणूस पिठाच्या गिरणीत रांगेला उभा राहिला तर गिरणीवाला सुद्धा त्याला नावं ठेवेल.

"परीक्षा कोण घेणार?" मास्तरांनी विचारलं.

"नीलम्मा."

तिघंही हसले. नीलम्मा पंचवीस वर्षं मागच्या खोलीत बसून मास्तरांनी टोचलेली कार्डं दोरीनं एकाला एक शिवून माळ करायची. आता माग पेनड्राइव्हवर चालायला लागले, कार्डं गेली, आणि ताईंना तिला मशिनवर बसवायचं होतं. मूळची अक्कलकोटकडची, कन्नड शाळेत चौथीपर्यंत.

"तुम्ही तिघं बाहेर जायचं," ताई म्हणाल्या. "ती एकटी तिन्ही मशिनांवर बसेल. काठातली कोयरी काढायची, मोर बसवायचा, पेनड्राइव्हवर भरायचं. डिझाइनचा प्रोग्राम तिला मी दाखवलाय. पण तो सापडायचा कुठं, हे तुमच्या मांडणीनं सांगायचं. तुम्ही तोंडानं सांगायचं नाही. मशिनपाशी एक कागद ठेवला तर चालेल."

शुक्रवारी सोमेशनं कागद ठेवला नाही. "कागद लागला तर मांडणी चुकली, असंच समजायचं," तो हळू म्हणाला. त्यानं पडदा पुसून लख्ख रिकामा केला. उदयसिंहानं एक कागद म्हणता म्हणता छापलेली वही ठेवली. तिला अनुक्रमणिका होती, आणि अनुक्रमणिका कशी वाचावी याचं एक पान होतं. मास्तरांनी दोघांकडं बघून नाकातून हवा सोडली. कागद लिहायचा म्हणजे कारकुनी. ते माळ्यावर चढले, टोचायचं यंत्र खाली घेतलं, आणि एक जुनं कोरं कार्ड टोचलं. कार्डाच्या आडव्या ओळीत आठ जागा असतात. पहिल्या ओळीत पहिलं भोक, दुसऱ्या ओळीत तिसरं, पुढं पाचवं. कुठली कळ कधी मारायची ते नुसतं भोकं बघून कळावं. आकडे कळांवर लिहिलेलेच आहेत, आणि खास कळेला त्यांनी लाल धागा गुंडाळला.

"पंचवीस वर्षं माझीच कार्डं हाताळलीत तिनं," ते म्हणाले. "तुमची वही वाचायला माणूस लागतो. हे वाचायला माझ्या हाताखालची बाई लागते."

मग तिघं समोर बसूच्या टपरीवर जाऊन बसले. टपरीवरून सेंटरची खिडकी दिसते, आणि खिडकीत मास्तरांच्या मशिनचा पडदा.

"काय मास्तर, आज साखर बरोबर हाय का?" बसूनं विचारलं.

"साखर हाय. चहा न्हाय."

सोमेश मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होता. "माझ्या मशिनवर तिला वेळ लागणारच नाही. गोंधळायला तिथं काही नाहीच."

"काम करायला बी काही न्हाय," उदयसिंह म्हणाला. "माझ्यात तिला जे सुचंल ते सापडंल."

"तिला सुचायच्या आत पुढच्या वर्षीचं लग्न यील," मास्तर म्हणाले.

पाऊण तास गेला. मग नीलम्मा मास्तरांच्या टेबलाशी आलेली दिसली. तिनं लुगड्याचा पदर खोचला, कार्ड उचललं, बोटांनी चाचपलं, मशिनवर वाकली. आणि पडदा विझला.

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"लाईट गेली वाटतं," उदयसिंह आनंदानं म्हणाला.

"बसूचा पंखा चालूय," सोमेशनं दाखवून दिलं.

मास्तरांना कळलं. आठ. तिनं आठ मारला होता. एकच्या जागी आठ! का? कार्डात पहिलं भोक होतं, आठवं नव्हतं; त्यांची बोटं सदतीस वर्षांत चुकली नव्हती. त्यांनी मनातल्या मनात कार्ड डोळ्यांपुढं धरलं. पहिलं भोक डावीकडं. मग त्यांना मागची खोली आठवली. आठवली म्हणजे काय, ती त्यांनी कधी नीट बघितलीच नव्हती. दारातून कार्डांचा गठ्ठा आत टाकायचा आणि 'आटपा' म्हणायचं, एवढंच. पण दाराच्या फटीतून दिसायचं ते हे, की शिवणाऱ्या बायका कार्डं पालथी मांडतात. दोरीची गाठ पाठीला यावी म्हणून. म्हणजे नीलम्मानं पंचवीस वर्षांत त्यांचं एकही भोक त्यांच्या बाजूनं पाहिलं नव्हतं. पालथ्या कार्डात पहिलं भोक आठवं होतं.

ते उठले.

"बसा काका," सोमेश म्हणाला. "तोंडानं सांगायचं नाही, ठरलंय की."

"कोण सांगतंय? मी पान थुंकाय चाललो."

"तोंडात पान कुठाय?"

मास्तर बसले. त्यांना दळणाचा डबा दिसायला लागला. झाकणावर प्रतिक्षानं त्यांचं नाव सुद्धा घातलं होतं. ते खिडकीकडं बघत राहिले. विझलेल्या पडद्यापुढं नीलम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती, जशी ती गठ्ठ्यातलं कार्ड हरवलं की उभी राहायची. मग तिनं कार्ड उजेडाकडं धरलं. त्याच्याकडं बघितलं. मग खिडकीतून थेट मास्तरांकडं बघितलं, अशा नजरेनं की टपरीवरचं दूध नासावं. आणि कार्ड उलटं करून मशिनचं बटन दाबलं.

पडदा परत लागला.

पाच मिनिटांनी ताईंनी तिघांना हाक मारली.

सोमेशचं मशिन जसं ठेवलं होतं तसंच होतं, लख्ख रिकामं. उदयसिंहाच्या पडद्यावर सहा घड्याळं होती, त्यातलं एक टोकियोचं, आणि खालची पट्टी गेलेली. मास्तरांच्या मशिनवर काठातला मोर तयार होता, आणि पेनड्राइव्ह ताईंच्या हातात.

"सांग नीलम्मा," ताई म्हणाल्या.

"काय सांगू? ह्या सोमेशदादाच्या मशिनपुढं मी हात जोडून बसले. म्हटलं, दुकान अजून उघडायचं असंल. शेवटी कंटाळून उठले." सोमेशनं तोंड उघडलं, तिनं ऐकलं नाही. "ह्या उदयदादाच्यात मी माऊसचं उजवं बटन दाबलं, त्यानं इचारलं, काय पायजे? मी म्हटलं काम. तर त्यानं घड्याळ दिलं. परत दाबलं, परत घड्याळ दिलं. अय्यो, मला येळ बघायचा न्हवता की!"

"आणि मास्तरांचं?"

"ह्यांचं तर पैलं मेलंच. कार्ड धरलं, कळ मारली, मशिन खलास. मी म्हटलं, ह्या माणसानं मरताना सुद्धा मला फसवलं."

"मी जिवंत हाय," मास्तर म्हणाले.

"माझ्या मनात मेला होतात की. मग ध्यानात आलं, की मास्तरांनी सुलट्या बाजूनं टोचलंय."

"कार्ड सुलटंच वाचतात!"

"कोण वाचतं? तुमी टोचता, बास. आमी पालथं धरतो, पंचवीस वर्सं झाली. सोळा बायका होतो मागं, तेव्हापासून. कधी आत येऊन बघितलं का तुमी?"

मास्तरांनी नेहमीप्रमाणं नाकातून हवा सोडायचा प्रयत्न केला. ती निघाली नाही. सोमेश आणि उदयसिंह हसू लागले, तेव्हा नीलम्मा त्यांच्याकडं वळली. "तुमी दोघं तर मागची खोली कुटं हाय ते बी सांगू शकणार न्हाय. दात आत घ्या."

राजश्रीताईंनी पेनड्राइव्ह मागवाल्याच्या माणसाकडं धाडला.

"चारही मशिनांवर मास्तरांची काळी मांडणी," त्या म्हणाल्या. "काम तिच्यावर झालं, दुसरीकडं झालं नाही."

मास्तरांची छाती वर आली. त्यांनी सोमेशकडं असं बघितलं, की पुण्यातले आठ महिने त्याच्या अंगावरून उतरून जावेत.

"पण," ताई म्हणाल्या, "मशिनं नीलम्मा सांभाळेल. कुठल्या कळेला काय, ते ती सांगेल. मास्तर, तुम्ही तसं बसवून द्यायचं. खिडकीजवळ ती बसेल. उदयसिंह मागांकडं जाईल. सोमेश, तू इंजिनिअर आहेस, तुला दुसरीकडं मिळेल, महिनाअखेरपर्यंत बघ."

"खिडकीजवळ?" मास्तर म्हणाले. "मग मी कुठं बसू?"

"स्टूल आहे की."

मास्तरांनी स्टुलाकडं बघितलं. त्याला पाठ नव्हती, हात नव्हते, आणि एक पाय आखूड होता. दळणाचा डबा नि स्टूल यांत माणसानं किती वेळ विचार करावा? त्यांनी अर्धं मिनिट केला, तोही केवळ इभ्रतीखातर. मग स्टूल ओढून नीलम्माच्या शेजारी ठेवलं, आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसांच्या पाठीचे मणके कसे विरघळतात हे उदयसिंहाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

नीलम्मा खिडकीजवळ बसली. तिनं कळांवरून एकदा पदर फिरवला.

"मास्तर, हा आठ काढा तिथनं. कुणाचा हात लागला तर दिवसभराचं काम जाईल. मशिननं आधी इचारलं पायजे, नक्की का म्हणून."

"मशिन इचारणार न्हाय," मास्तर म्हणाले. "ते माझं तत्त्व हाय."

"तत्त्व स्टुलाखाली ठेवा. इचारायला लावा."

मास्तरांनी मशिन पुढं ओढलं. आपल्या सुंदर, उद्धट, कुणाला काही न विचारणाऱ्या, कळांचे आकडे लिहिलेल्या फाइलीत ते आठची ओळ शोधत राहिले. ओळ सापडली. बोट कळेवर ठेवून ते थांबले, आणि जन्मात कुणाला न विचारलेला प्रश्न त्यांनी, दात खाऊन का होईना, विचारला.

"कन्नडमधी इचारायचं का मराठीत?"

"कन्नडमधी," नीलम्मा म्हणाली. "आन् जरा आदरानं."